राजाच्या मुलीचं काय झालं

माझ्या सासऱ्यांना गोष्ट सांगता येत नसे. भाषण येत असे.

दोन हजार तीनच्या सुमारास सासूबाई गेल्या आणि बाबा अंबरनाथची खोली बंद करून आमच्याकडे, मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये राहायला आले. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण मला त्यांच्याबद्दल फारसं माहीत नव्हतं. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः घासतात आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचतात, एवढंच. बाकीचं तुकड्यातुकड्यानं ऐकलेलं. तरुणपणी ते ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. युनियनचे पुढारी झाले, पुढे युनियनलाच मवाळ म्हणून शिव्या घालत एका जहाल गटात गेले. दोनदा तुरुंगात होते. मधली दोनेक वर्षं भूमिगत. कुठे होते ते सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं. माझा नवरा तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. मोठेपणी तो एका विमा कंपनीत लागला, कधी मोर्च्यात गेला नाही, आणि टीव्हीवर संपाची बातमी लागली की चॅनेल बदलायचा.

आमची मुलगी साडेसहा वर्षांची, इंग्लिश मीडियममध्ये. बिल्डिंगमधली निम्मी मुलं गुजराती, उरलेली हिंदी बोलणारी. त्यामुळे तिचं मराठी असं की, "आई, माझी पेन्सिल खो गई." मला काळजी वाटायची. मी बाबांना म्हटलं, "बाबा, हिला रोज एक गोष्ट सांगत जा ना मराठीतून."

"मला गोष्टी येत नाहीत गं. मला भाषणं येतात."

"मग भाषणासारखी सांगा."

हे त्यांनी शब्दशः घेतलं. भाषण ते आधी लिहून काढायचे, म्हणून गोष्टही लिहून काढायला बसले. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ माझं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, सोसायट्यांच्या नोटिसा, आणि निवडणूक आली की सगळ्याच पक्षांची पत्रकं. चुकलेले प्रिंट मी घरी आणायची, त्यांच्या कोऱ्या बाजूवर बाबांच्या गोष्टी उतरायला लागल्या. एका बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून', दुसऱ्या बाजूला ओझं किती वाहायचं ते आपणच ठरवणारी गाढवं.

पहिल्या गोष्टी भयंकर होत्या. कोणीही एकटा नायक नाही, कारण पुढारी एक नसतो. प्राण्यांना नावं नाहीत. शेवटी सगळे गोल बसून ठराव पास करायचे. मुलगी ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मग त्यांनी काय खाल्लं?" बाबांनी हा मुद्दा गंभीरपणे मान्य केला. पुढच्या गोष्टीत ठरावानंतर गाढवांना गूळ-शेंगदाणे मिळाले. त्यापुढच्या गोष्टीत ठरावाआधीच मिळाले. हळूहळू ठराव आखूड झाला आणि जेवण लांबलं, आणि मग त्या खरोखर गोष्टी वाटायला लागल्या. एक-दोन मी दुकानात टाइप केल्या. बाबांनी लाल पेननं प्रूफ तपासलं. "'गाढवं म्हणाली' नको. 'गाढवांनी एकमुखानं सांगितलं' असं कर."

एका रविवारी मी त्यांना विचारलं, "तुरुंगात लिहायचात का असं काही?"

"मी नाही. बाकीचे लिहायचे." ते हसले. "पत्रात राजकारणाचा शब्द दिसला की तुरुंगवाले त्यावर शाई फासायचे. सशावर कोण शाई फासणार? बाहेर मैदान पेटवणारी माणसं आत बसून सशाच्या, मुंग्यांच्या गोष्टी लिहायची, पोरांना पाठवायला. आमच्यातला एक जण मुंगीचं लग्न लिहिताना रडला होता."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांची चेष्टा करायचो. म्हणायचो, क्रांती काय आता ससे करणार?"

माझा नवरा दाराशी बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. त्यानं ऐकलं. दार लावून बाहेर गेला, आणि दार थोडं जोरात लागलं. बाबांनी दाराकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

दिवाळीनंतर त्यांनी विहिरीची गोष्ट लिहिली. आमच्याकडे तेव्हा पाण्याची बोंब होती. नळ दिवसाआड, टँकर आला की बादल्या घेऊन पळापळ. त्यातूनच ती सुचली असणार. एका गावात एकच विहीर असते. राजा तिला कुलूप लावतो आणि चावी घेऊन टेकडीवरच्या वाड्यात जाऊन बसतो. लोक विनवतात, राजा ऐकत नाही. मग सगळं गाव, म्हाताऱ्यांपासून रांगत्या पोरांपर्यंत, हातात हात धरून वाड्याभोवती कडं करून बसतं. आत कोणी जायचं नाही, बाहेर कोणी यायचं नाही. शेवटी राजा खिडकीतून चावी फेकतो.

ही गोष्ट हिट झाली. मुलीनं ती मैत्रिणींना सांगितली, मैत्रिणींनी भावांना. मग संध्याकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर आठ-दहा मुलं जमायची आणि बाबा तीच गोष्ट कारखान्यात शिकलेल्या हिंदीत सांगायचे. 'चावी' हा शब्द आला की सगळी मिळून ओरडायची, "चावी दो!"

संक्रांत आली. गुजराती मुलांची पतंगाची तयारी महिनाभर आधीपासून, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी गच्चीला कुलूप लावलं. आदल्या वर्षी मुलांनी टाकीचं झाकण उघडं ठेवलं होतं आणि केबलची वायर तोडली होती, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे एक साठीचे काका, कपड्याचे व्यापारी, स्वभावानं मऊ. ते दुपारी घरी जेवायला आले तेव्हा जिन्याखाली मुलांनी त्यांना गाठलं. चौदा मुलं हातात हात धरून त्यांच्याभोवती बसली. "चावी दो! चावी दो!" काका आधी हसले. "अरे, मजाक बहुत हुआ, छोडो." मग घड्याळ बघायला लागले. मग चिडले. त्यांना शुगर होती, जेवणाची वेळ टळून चाललेली. मुलांनी कडं सोडलं नाही. त्यात माझी मुलगी सगळ्यात पुढे.

शेवटी वॉचमननं येऊन मुलांना उठवलं. संध्याकाळी काका आमच्या दारात उभे राहिले. बाबांकडे बोट दाखवून म्हणाले, "ये बुजुर्ग बच्चों को क्या सिखाते हैं?" मी माफी मागितली. नवऱ्यानं मागितली. काका गेल्यावर नवरा बाबांसमोर उभा राहिला.

"बाबा, इथेपण? सात वर्षांची पोरं आहेत ती!"

"मी नाही सांगितलं त्यांना बसायला."

"तुम्ही कधीच सांगत नाही. लोक आपोआप बसतात."

मुलगी कोपऱ्यात उभी होती. मला वाटलं, वडील रागावल्यामुळे घाबरली असेल. पण तिचं वेगळंच चाललं होतं. ती बाबांजवळ गेली आणि म्हणाली, "आबा, काकांची छोटी दारात उभी राहून रडत होती. ती बोलली, माझ्या दादाजींना सोडा." सेक्रेटरींची नात तीनेक वर्षांची होती. "आबा, वाड्यात राजाची मुलगी होती का?"

"राजाला मुलगी नव्हती."

"सगळ्या राजांना असते. ती आत राहिली? तिला बरं नसेल तर? तिचं काय झालं?"

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. उठून गॅलरीत गेले. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी एक ओळ लिहिली नाही. जिन्यावर मुलं बोलवायला आली, तर "आज नको रे" म्हणाले. मला वाटलं, मुलाचं बोलणं लागलं. नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं एकदा स्वतःहून त्यांच्यासाठी जिलेबी आणली.

मग एका दुपारी ते माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक नव्हतं. स्टुलावर बसले, माझा चहा अर्धा घेतला आणि म्हणाले, "राजाला मुलगी होती."

मला वाटलं, गोष्ट पुढे सुचली. ते खरंच झालेलं सांगत होते.

कारखान्यात एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला होता. चूक मशीनची, दुरुस्तीचा अर्ज महिनाभर पडून. कंपनीनं त्याच्यावरच निष्काळजीपणाचा ठपका ठेवून त्याला काढून टाकलं. तेव्हा बाबांनी कामगारांना घेऊन पर्सोनेल ऑफिसरला त्याच्या केबिनमध्ये घेराव घातला. सकाळी दहाला बसले. बाहेरच्या टेबलावर फोन होता, तो बाबांच्या ताब्यात. दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला. ऑफिसरची बायको. मुलीला ताप चढून झटके येताहेत, यांना ताबडतोब घरी पाठवा.

"मी म्हटलं, 'सांगतो.' आणि फोन ठेवला."

"आणि?"

"नाही सांगितलं." बाबा कपातल्या चहाकडे बघत होते. "मागच्या घेरावाला असाच फोन आला होता, आई गेली म्हणून. सोडलं आम्ही त्या माणसाला. आई ठणठणीत होती. मला वाटलं, हीपण तीच चाल. पण अगं, बाईचा आवाज ऐकला होता मी. चाल नव्हती, हे तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. संध्याकाळी सातला कंपनीनं मान्य केलं, त्याला परत घेतलं. आम्ही गुलाल उधळला."

"मुलीचं काय झालं?"

"माहीत नाही. आठवड्यानं मला अटक झाली. सुटलो, लपलो, परत आत गेलो. विचारायला तीस वर्षं होती. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, म्हणून नाही विचारलं."

समोरच्या झेरॉक्सवाल्यानं सुट्टे मागायला डोकं आत घातलं, मी त्याला हातानंच जा म्हटलं.

त्यानंतर ते पुन्हा लिहायला लागले, पण तीच एक गोष्ट. एका खर्ड्यात राजाची मुलगी आत आजारी पडते. एकात ती खिडकीतून उतरून लोकांत येऊन बसते. तो त्यांनी स्वतःच फाडला, म्हणाले, "हे खोटं आहे, आम्हाला सोयीचं." एकात तर लोकच उठून घरी जातात. तोही फाडला. "आणि मग विहिरीचं काय? त्या माणसाची बोटं गेली होती गं. बसलो हे चूक नव्हतं." शेवटी एप्रिलमध्ये त्यांनी जुन्या कामगार मित्राला फोन केला आणि ऑफिसरचा पत्ता मिळवला. नौपाड्यात, त्याच जुन्या घरात होते अजून.

"तू येशील बरोबर?" त्यांनी मला विचारलं. मुलाला नाही.

मे महिन्याची सुट्टी होती, मुलीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तिलाही घेतलं. घोडबंदर रोडनं बस ठाण्याकडे निघाली. मुलीनं विचारलं, "कुठे चाललोय?" बाबा तिच्याशी कधी खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "राजाच्या मुलीचं काय झालं ते विचारायला."

पहिल्या मजल्यावरचं घर. दार बाईंनी उघडलं. सत्तरीच्या, सुती साडी, जाड चष्मा. बाबांनी नाव सांगितलं, कारखान्याचं नाव सांगितलं. बाईंचा चेहरा बदलला, पण बाजूला होऊन म्हणाल्या, "या." आत खिडकीशी खुर्चीत ऑफिसर बसले होते. वाळलेले, नीट दाढी केलेले. त्यांनी बाबांना लगेच ओळखलं.

"तुम्ही म्हातारे झालात," ते म्हणाले.

"तुम्हीपण, साहेब."

बाई पाणी आणायला गेल्या. बाबा बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "त्या दिवशी दुपारी तुमच्या घरून फोन आला होता. मुलगी आजारी आहे म्हणून. मी घेतला. तुम्हाला सांगितला नाही."

मला भीती वाटली, आता ऑफिसर हाकलतील. पण ते खुर्चीत पुढे सरकले आणि हळूच म्हणाले, "थांबा. माझी बायको येते आहे. ती आली की परत सांगा. ह्याच शब्दांत."

बाई ट्रे घेऊन आल्या. बाबांनी परत सांगितलं, त्याच शब्दांत. बाईंनी ट्रे टेबलावर ठेवला.

"'सांगतो' म्हणाला होता तो माणूस... ते तुम्ही?"

"हो."

"आणि सांगितलंच नाही?"

"नाही."

बाई नवऱ्याकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"तेच सांगतोय इतकी वर्षं," ते म्हणाले.

माझ्या मुलीनं विचारलं, "ती बरी झाली का?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. जणू आत्ताच दिसली. "झाली गं. शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मांडीत घेऊन नेलं मी हॉस्पिटलात. तापाचे झटके होते, उतरले. आता नाशिकला बँकेत आहे." शोकेसमधला फोटो काढून त्यांनी मुलीच्या हातात दिला. मग बाबांना म्हणाल्या, "बरी आहे हे ऐकून तुम्हाला सुटल्यासारखं वाटत असेल, तर तसं वाटून घेऊ नका. खुर्चीच्या मानापायी हा माणूस पोरीसाठी उठून आला नाही, असं मी धरून बसले. हे शपथा घ्यायचे, मला निरोप मिळाला नाही म्हणून. मला वाटायचं, आता लाज वाटते म्हणून खोटं बोलतायत. सगळा संसार केला मी ह्यांच्याबरोबर, पण ते मनातून गेलं नाही. हे तुम्ही आमच्या घरात ठेवून गेलात."

"चूक झाली माझी," बाबा म्हणाले.

"आधी यायला हवं होतंत."

"हो."

त्यांनी आम्हाला चहा विचारला नाही. मुलीच्या हातावर मात्र दोन बेसनाचे लाडू ठेवले. आम्ही निघायला उठलो तेव्हा बाई नवऱ्याच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, त्याच्याकडे न बघता, पण हात त्याच्या खुर्चीच्या हातावर.

ऑफिसर काठी घेऊन जिन्यापर्यंत आले. बाबा दोन पायऱ्या उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या हाताचं काय झालं पुढे?"

"दोन बोटं गेली. नोकरी नंतर सोडली त्यानं. कल्याणला पानाची टपरी टाकली, चांगली चालली."

"त्याला काढल्याच्या कागदावर माझी सही होती."

"माहीत आहे, साहेब."



घरी येऊन बाबांनी ती गोष्ट एका बैठकीत लिहिली. गाव वाड्याभोवती बसतं. राजाची मुलगी आजारी पडते, आतून राणी हाक मारते. तेव्हा कडं सुटतं, वाट होते, राजा मुलीला उचलून वैद्याकडे नेतो, आणि गावातलीच दोन माणसं कंदील घेऊन त्याला वाट दाखवतात. बाकीची तिथेच बसून राहतात, कारण कुलूप अजून तसंच असतं. राजा परत येतो. पुढे काय, ते बाबांनी लिहिलं नव्हतं. जिन्यावर मुलांना त्यांनी तेवढंच सांगितलं आणि विचारलं, "अब राजा क्या करेगा?" मुलांची भांडणं लागली. सेक्रेटरींची नात मधल्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "चावी देगा." दुसऱ्या एका मुलानं सांगितलं, नाही देणार, फिर बैठना पडेगा. बाबांनी दोघांनाही हो म्हटलं.

नवऱ्याला ठाण्याचं सगळं बाबांनीच सांगितलं, संध्याकाळी जेवताना. तो मान खाली घालून ऐकत होता. झाल्यावर म्हणाला, "बरं केलंत." आणि जरा वेळानं, "त्यांच्याकडे गेलात ते."

त्या 'त्यांच्याकडे'मध्ये 'माझ्याकडे नाही' होतं, ते बाबांना कळलं. मलाही कळलं. पण बाबांनी त्यावर काही म्हटलं नाही, आणि मला त्यांचा थोडा रागच आला. मी नंतर म्हटलं, "ह्याच्यासाठीपण लिहा ना एक." ते म्हणाले, "त्याची गोष्ट मला माहीतच नाही गं. मी नव्हतो तिथे."

हे मी नवऱ्याला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

पुढच्या रविवारी नवरा बाबांना म्हणाला, "उत्तनजवळ तारोडीकडे जाऊन येऊ. हिला समुद्र दाखवू." आम्ही चौघं भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये बसलो. मिठागरं मागे पडली तेव्हा नवऱ्यानं एकदम बोलायला सुरुवात केली. मुलीला सांगत होता, पण आवाज पुढच्या सीटवर बाबांना ऐकू जाईल असा. "मी तुझ्यापेक्षा लहान होतो ना, तेव्हा एकदा आमच्या घरी पोलीस आले. आबा नव्हते. त्यांनी सगळं घर उलटंपालटं केलं. कागद नेले, पुस्तकं नेली, आणि जाताना माझी पाटीपण घेऊन गेले."

बाबा मागे वळले. "पाटी? तुझी आई मला कधी बोलली नाही."

"आईलाही नंतर कळलं. मी शाळेत गेलो, तर पाटी नाही. बाईंनी उभं केलं."

"पण पाटी कशाला नेली?"

"त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं म्हणून."

"काय लिहिलं होतंस?"

"बेचा पाढा," नवरा म्हणाला.

बाबा आधी हसले. मग हसू थांबेना, चष्मा काढून डोळे पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. नवऱ्यानं पुढे वाकून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग, बाबा, दुसऱ्या दिवशी काय झालं ते ऐका," तो म्हणाला, आणि बस उत्तनला पोचेपर्यंत सांगत राहिला.